निजलेल्याचे कर्म

निजलेल्या मनुष्याच्या हातून कर्म घडते किंवा नाही, आणि घडत असल्यास त्याचे फळ कोणाच्या खाती मांडावे, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. ज्यांनी तो घातला त्यांच्या डोळ्यांपुढे स्वप्नात मोडलेले व्रत होते, कुशीवर वळताना चिरडला गेलेला किडा होता, झोपेत बरळलेला शब्द होता, यंत्र नव्हते. आज यंत्र आहे आणि निजण्यापूर्वी त्या यंत्रास हुकूम देऊन ठेवण्याची सोयही आहे, त्यामुळे जो प्रश्न पूर्वी पंडितांच्या सभेत निघे तो आता स्वयंपाकघराच्या ओट्यावर निघू लागला आहे. भंडाऱ्यास आमचे एक स्नेही आहेत. त्यांचे चिरंजीव बंगळूरची नोकरी सोडून घरी परतले, ते येताना एस्प्रेसो कॉफीचे एक भारदस्त यंत्र, कॉफी दळण्याचा एक ग्राइंडर आणि भिंतीवरच्या सॉकेटात बसणारा एक स्मार्ट प्लग घेऊन आले. पहाटे सव्वापाच वाजता, घरातील सर्व माणसे गाढ निजलेली असताना, तो प्लग टक् असा आवाज करून वीज सोडतो, यंत्रातील पाणी तापू लागते, आणि सहाच्या सुमारास चिरंजीव डोळे चोळीत येतात तेव्हा यंत्र सेवेस सिद्ध असते. चूल पेटवल्यावाचून काही ऊन झालेले ज्यांनी आयुष्यात पाहिले नाही त्या स्नेह्यांच्या मातोश्रींनी एकदा विचारले, "बापू, हे पेटवते कोण?" नातू म्हणाला, "मीच आजी, रात्रीच सांगून ठेवतो ना." त्यावर "पण तू तं झोपला होतास ना रे?" एवढे म्हणून त्या फुले तोडण्यास अंगणात निघून गेल्या. नातवाला तो विनोद वाटला. मला तो पूर्वपक्ष वाटला.

प्रथम यंत्राची कैफियत ऐकून घेतली पाहिजे, कारण त्याला इतका आगाऊ हुकूम का लागतो हे समजल्यावाचून पुढचा विचार अधांतरी राहील. बारीक दळलेल्या कॉफीच्या घट्ट दाबलेल्या थरातून सुमारे ९३ अंशांचे पाणी नऊ वातावरणांच्या दाबाने पंचवीस-तीस सेकंदांत ढकलून जो अर्क काढतात त्यास एस्प्रेसो म्हणतात. मिलानच्या लुइजी बेत्सेराने १९०१ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले ते वाफेच्या जोरावर चाले, आणि त्याचा दाब फारच थोडा असे. १९४८ च्या सुमारास आकिले गाज्जियाची दांड्याची यंत्रे बाजारात आली तेव्हा दाब वाढला, पण तो देण्यास माणसाचा दंड लागे. आणि १९६१ साली एर्नेस्तो वालेंते याच्या फाएमा कंपनीने विजेचा पंप जोडून जे यंत्र काढले त्याने दंडाचीही सुटका केली. त्या यंत्राचे नाव ई ६१. त्यातला ई हा ग्रहणवाचक इटालियन शब्दाचा आद्यवर्ण असून १५ फेब्रुवारी १९६१ रोजी इटलीतून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणाची ती आठवण आहे. ज्या ग्रहणाचे वेध लागताच आपल्याकडे चूल विझते आणि पाण्याच्या भांड्यांत तुळशीपत्र पडते, त्याच ग्रहणाचे नाव तिकडे एका चुलीस मिळावे, हा योग मोठा मौजेचा आहे.

या ई ६१ पद्धतीच्या यंत्राचे मस्तक, म्हणजे ज्यात कॉफीचा दांडा अडकवतात तो भाग, जवळजवळ चार किलो वजनाच्या पितळेचा असून वरून त्यावर निकेल-क्रोमचा मुलामा असतो. बॉयलरमधील ऊन पाणी वरच्या नळीने त्या मस्तकात येते, आपली उष्णता पितळेला देऊन जड होते व खालच्या नळीने परत बॉयलरमध्ये उतरते. हे चक्र कोणत्याही पंपावाचून, केवळ ऊन पाणी हलके आणि थंड पाणी जड या न्यायाने चालू राहते, आणि अर्धा-पाऊण तास ते चालल्यावाचून एवढे पितळ सारखे तापत नाही. घाईने आधीच कॉफी काढली तर पाण्यातली उष्णता ते थंड पितळ शोषून घेते आणि पेल्यात आंबट पाणी उतरते. भंडाऱ्याच्या माणसाला पितळेचा हा स्वभाव समजावून सांगावा लागत नाही. या गावाची ख्यातीच पितळेच्या भांड्यांची. गुंड, घागरी, गंज, पराती येथून दूरदूरच्या बाजारांत गेल्या, आणि स्टीलने तो व्यापार पार खाल्ला तरी आजही जुन्या घरांच्या माळ्यांवर ते पितळ पोत्यांत बांधून ठेवलेले सापडते. पितळी गंजात वरण शिजवणारी बाई भांडे तापेपर्यंत थांबे. ते थांबणे तिच्या दिनक्रमातच मुरलेले असे, आणि तेवढ्यात ती तांदूळ निवडून घेई. इटालियन पितळाजवळ थांबण्याची सवड आमच्या स्नेह्यांच्या चिरंजीवांना नाही, म्हणून त्यांनी तो थांबण्याचा भाग झोपेत ढकलला. टायमरचे सारे प्रयोजन एवढेच आहे.

ज्या घरात दिवसाकाठी एक-दोन पेलेच लागतात त्या घराने हे भारी यंत्र घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अलीकडे पाणी वाहता वाहताच तापवणारी लहान यंत्रे मिळतात, ती थोड्या मिनिटांत तयार होतात, आणि त्यांचा धनी टायमरच्या विचारातून व या निबंधातूनही सुखाने मुक्त होऊ शकतो.

आता आजींच्या पूर्वपक्षाकडे वळू. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. भाष्यकार अधिष्ठान म्हणजे शरीर असे घेतात. ते शरीर तर सव्वापाच वाजता पांघरुणात असते. करणे म्हणावीत तर प्लग आणि बॉयलर ओट्यावर हजर आहेत. चेष्टा म्हणावी तर प्लगच्या पोटातील लोहचुंबकाने एक पत्री ओढून घेतली, हीच काय ती चेष्टा. आणि दैव या शब्दाचा अर्थ आमच्या जिल्ह्यात विजेचा पुरवठा असा घेतल्यास फारशी ओढाताण होणार नाही. राहिला कर्ता. या पाचांपैकी आपणच एकटे कर्ते आहोत असे जो मानतो त्याची बुद्धी कच्ची, असे गीता लगेच पुढे सांगते, तेव्हा नातवाचे "मीच" हे उत्तर फार तर एकपंचमांश खरे ठरते. पण म्हणून "मी नव्हेच" हे उत्तर खरे ठरत नाही, आणि गीतेचा हा विचार उद्धृत करून हात झटकणारे लोक नेमके येथेच लबाडी करतात. कर्तेपणाचा अहंकार सोडणे वेगळे आणि कर्तेपणाची जबाबदारी सोडणे वेगळे.

व्यवहाराने हा भेद फार पूर्वी ओळखला. एखादा मालगुजार तीर्थयात्रेस निघाला म्हणजे कोणा विश्वासू इसमास मुखत्यारपत्र लिहून देई, आणि त्या मुखत्याराने दिलेल्या अखत्यारीत जे जे केले ते ते मालकाने स्वतः केले असेच कचेरी धरून चाले. मालक त्या क्षणी काशीच्या घाटावर होता, ही तक्रार कोणी ऐकून घेत नसे. प्लग हा असाच मुखत्यार आहे. फरक इतकाच, आणि तो लहान नव्हे, की हाडामांसाच्या मुखत्याराला डोळे असतात. गावात पूर आलेला पाहून तो वसुलीचा तगादा थांबवी. प्लगला पूर दिसत नाही. यंत्राच्या टाकीत पाणी आहे की नाही, वाफेची तोटी कोणी रात्री चुकून उघडी ठेवली आहे काय, घरात आज कोणी गेले आहे आणि चूल पेटवायची नाही, यापैकी काहीही त्याला ठाऊक होत नाही. ज्या मुखत्याराला विवेक नाही त्याच्या वाट्याचाही विवेक मालकाने आदल्या रात्रीच करून ठेवला पाहिजे, म्हणजे मुखत्यारामुळे मालकाचे काम कमी होत नसून ते फक्त अलीकडे सरकते.

वैनगंगेच्या काठी आमच्याच जिल्ह्यात पवनी आहे. तेथे १९६९-७० च्या उत्खननात, डॉ. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली, प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उघडे झाले, आणि त्यांच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली सापडली. दगड कोणा पाथरवटाने घडवला, उचलला कोणा मजुराने. पुण्य मात्र ज्याने देण्याची इच्छा केली त्याच्या नावाने दगडावर चढले. चेतना, म्हणजे हेतू, यालाच तथागताने कर्म म्हटले, आणि त्या मताने पाहता चिरंजीवांचे कर्म रात्री दहा वाजता, बोटाने वेळ ठरवली त्याच क्षणी पुरे झाले. पहाटेचे तापणे हा त्याचा नुसता परिणाम. या मताला माझी हरकत एवढीच आहे, की पवनीच्या दात्याने दान एकदा दिले, आणि टायमर तर रोज चालतो. सोमवारच्या हेतूने पुढल्या शनिवारी, तेही गृहस्थ परगावी गेला असताना, रिकाम्या घरात यंत्र तापत बसते तेव्हा तो हेतू जिवंत आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात जी गीता प्रवचने केली आणि साने गुरुजींनी जी टिपून घेतली, त्यांत या प्रश्नाची दुसरी बाजू आहे. बाहेरचे ते कर्म, त्याला आतून जोडलेले चित्त ते विकर्म, आणि दोहोंचा मेळ बसला की कर्माचे ओझे उरत नाही, त्याचे अकर्म होते, अशी त्यांची मांडणी. या कसोटीवर घासले तर पहाटेच्या त्या तापण्यात कर्म आहे आणि विकर्म नाही. चित्त त्या वेळी कोठे तरी स्वप्नांत भटकत असते. येथवर आजी जिंकल्या असे म्हणावे लागेल. तथापि विनोबांचा विचार नीट धरला तर तो प्रश्नालाच वेगळे वळण देतो: कोणत्या कृतीत चित्त ओतण्यासारखे काही आहे, आणि कोणत्या कृतीत नाही? पाणी तापण्याकडे टक लावून पाहणाऱ्याचे चित्त शुद्ध होते असे कोणी अजून सिद्ध केलेले नाही.

या प्रश्नाचा सर्वांत सूक्ष्म विचार मात्र आपल्या परंपरेत झालेला नसून यहुदी धर्मशास्त्रात झाला आहे, आणि त्याचा धागा मराठी मुलखाशी जुळलेला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, किनाऱ्यावरील गावांत पिढ्यानपिढ्या राहिलेले बेने इस्राएल लोक घाण्यावर तेल काढीत. मराठी बोलत, गावावरून पेणकर-नवगावकर अशी आडनावे लावीत, आणि त्यांच्यात व शेजारच्या तेल्यांत बाहेरून दिसणारा ठळक भेद एवढाच होता की शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. त्यांच्या धर्माज्ञेत शब्बाथच्या दिवशी घरधन्याने काम करू नये एवढेच नाही, तर त्याच्या मुलांनी, दासदासींनी आणि जनावरांनीही करू नये असे आहे. घाण्याचा बैल म्हणूनच सुटतो. मालक ओटीवर बसून राहिला आणि बैल फिरत राहिला, ही पळवाट आज्ञेनेच बंद केली आहे.

पण ज्या कामाला बैल लागत नाही त्याचे काय? शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी रंगाच्या भांड्यात लोकर भिजत घातली आणि ती शनिवारभर आपोआप रंगत राहिली, तर शब्बाथ मोडला काय? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी शम्माई आणि हिल्लेल यांच्या परंपरांत यावर कडाक्याचा वाद झाला, तो मिश्ना या ग्रंथात नोंदलेला आहे. शम्माईपक्षी म्हणत, काम सूर्यास्ताआधी संपणारे नसेल तर सुरूच करू नये. तालमूदात त्यांच्या मताचे कारण असे दिले आहे की माणसाप्रमाणे त्याच्या अवजारांनाही विश्रांती असली पाहिजे. हिल्लेलपक्षी म्हणत, माणूस थांबला की पुरे. भांडे आपले काम करीना का. पुढे व्यवहारात हिल्लेलचे मत रूढ झाले. आणि गंमत अशी, की एका गोष्टीवर दोन्ही पक्षांचे एकमत होते: जैतुणाच्या घाण्यावर तुळई ठेवून दिली, आणि तेल रात्रभर ठिबकत राहिले, तर त्यास हरकत नाही, कारण चिरडण्याचे मुख्य काम आधीच झालेले असते. आमच्या शनिवार तेल्यांचा बैलाचा घाणा थांबला पाहिजे, परंतु तुळईचा घाणा ठिबकू शकतो. एस्प्रेसोचा टायमर बैल आहे की तुळई, असा प्रश्न त्या शास्त्रींपुढे टाकला असता तर मला वाटते त्यांनी तो मोठ्या आनंदाने आठवडाभर चघळला असता.

हा वाद ग्रंथांतच राहिला असेही नाही. विजेचा दिवा लावणे हे अग्नी पेटवण्यासारखे मानून सनातनी यहुदी शनिवारी बटणाला हात लावीत नाहीत, आणि शुक्रवारी लावून ठेवलेल्या टायमरने दिवे लावण्या-मालवण्याची वहिवाट त्यांच्या घराघरांत आहे. परंतु न्यूयॉर्कचे थोर धर्मशास्त्री रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी दिव्यांची सवलत तेवढी मान्य करून इतर कामांसाठी टायमर लावण्यास विरोध केला. त्यांचा युक्तिवाद विचार करण्यासारखा आहे. टायमरवर सर्व काही चालते असे एकदा मान्य केले, तर माणसे आपले संपूर्ण कारखाने शब्बाथच्या दिवशी चालवतील, एकही आज्ञा अक्षरशः मोडणार नाही आणि शब्बाथ नावाची वस्तू मात्र शिल्लक राहणार नाही. येथे दोष बटण कोणी दाबले याचा नाही. ज्या दिवसाचा अर्थच थांबणे हा आहे, त्या दिवसातून थांबणे काढून घेतल्याचा आहे. मला हा मुद्दा हिल्लेल-शम्माईंच्या वादापेक्षाही खोल वाटतो, कारण तो कर्ता शोधीत बसत नाही. यंत्रावर काय सोपवले असता त्या कृतीचा जीवच जातो, एवढेच तो विचारतो.

हीच कसोटी घेऊन ओट्याकडे परत आलो म्हणजे दोन यंत्रांपैकी एक झटकन वेगळे पडते. पाणी तापवणे ही तुळई आहे. ते खुशाल सोपवावे. ग्राइंडर तसा नाही. कॉफीची चव जितकी दळण्यावर अवलंबून असते तितकी ती कॉफी काढणाऱ्या यंत्रावर नसते, हे जाणकार एकमुखाने सांगतात, आणि पैसा मर्यादित असेल तर यंत्र साधे व ग्राइंडर उत्तम घ्यावा हा त्यांचा सल्ला योग्यच आहे. पात्याचे मिक्सर कॉफी दळीत नाहीत, ते तिचे तुकडे करतात. काही पीठ होते, काही भरड राहते, आणि पाणी पिठात अडते व भरडीतून पळते. म्हणून दोन दातेरी चकत्यांमध्ये, त्यांतील अंतर केसाइतके कमी-जास्त करता येईल असा ग्राइंडर लागतो. अठरा ग्रॅम दळलेल्या कॉफीतून छत्तीस ग्रॅमच्या आसपास अर्क अर्ध्या मिनिटात उतरला तर दळण जमले. धार भसकन आली तर चकत्या जवळ आणाव्यात, ठिबकत राहिली तर दूर कराव्यात. आणि हे एकदा जमवून भागत नाही. वैशाखातल्या आमच्याकडील कोरड्या भट्टीत जमवलेले दळण श्रावणाच्या ओल्या हवेत बिघडते, नवी भाजलेली कॉफी फोडली की पुन्हा बिघडते. ज्याला रोज थोडे पाहावे लागते, वास घ्यावा लागतो, चिमटीत धरून पोत तपासावा लागतो, ते काम टायमरवर सोपवता येत नाही. सोपवणारी यंत्रे निघाली आहेत, बटण दाबताच दाण्यापासून पेल्यापर्यंत सर्व करणारी. ती कचेऱ्यांत ठीक आहेत.

आपल्याकडील दळणाच्या सर्वांत प्रसिद्ध कथेत जनाबाईच्या जात्याला खुद्द विठ्ठलाने हात लावला असे सांगतात, आणि पंढरपुराजवळ गोपाळपुरास ते जाते म्हणून आजही दाखवतात. कथेचे मर्म पुष्कळांच्या नजरेतून निसटते असे मला वाटते. ज्याच्या सत्तेने ब्रह्मांड फिरते त्या देवाला ते दळण पहाटेपूर्वी आपोआप करून ठेवणे काय अवघड होते? जनी उठून पाहते तो टोपले पिठाने भरलेले, अशीही कथा रचता आली असती. लोकांनी ती तशी रचली नाही. देव समोर बसला, त्याने खुंटा धरला, आणि जनी दाणे वैरीत राहिली. श्रम वाटून घेतले गेले; दळण जनीचेच राहिले.

याच्या उलट एक प्रकार आता गावोगावच्या देवळांत दिसतो. आरतीच्या वेळी नगारा, झांजा आणि घंटा वाजवण्यास माणसे मिळत नाहीत, म्हणून एक विजेचे यंत्र बसवलेले असते. मोटार फिरली की टिपऱ्या नगाऱ्यावर पडतात आणि घंटा हलते. सायंकाळी पुजारी एकटा, यंत्राचा ठेका एका लयीत चाललेला, आणि आरती म्हणणाऱ्याने श्वास घेण्यास थांबावे तरी यंत्र थांबत नाही. पुजाऱ्याची अडचण मी समजू शकतो. पण फाइनस्टाइनांची कसोटी लावली तर हे पाणी तापवण्यासारखे काम नव्हे. नगारा वाजवण्यास चार पोरे देवळात जमत, त्यातला एक बेताल वाजवी आणि म्हाताऱ्याची टपली खाई, हेच त्या वाजवण्याचे प्रयोजन होते. नाद देवाला हवा होता असे समजून आपण यंत्र आणले. नादापेक्षा पोरे हवी असावीत.

कॉफीचा उगमही या दृष्टीने स्मरणीय आहे. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रास, म्हणजे नामस्मरणास, जाग राहावी म्हणून ती पीत. १५११ साली मक्केत खैर बेगने तिच्यावर बंदी घातली, ती फार काळ टिकली नाही. आणि बाबा बुदन नावाच्या अवलियाने तिचे दाणे कर्नाटकच्या डोंगरात आणून लावले अशी परंपरा आहे. जागरणासाठी प्रचारात आलेल्या पेयाची तयारी आपण निजून राहून करवतो. सूफींना याचे हसू आले असते, पण त्यांनी पेला परत केला असता असे वाटत नाही.

सोपवावयाचेच असेल तर सोपवण्याची रीत नीट असावी. यंत्र चौदाशे-पंधराशे वॉट ओढते, म्हणून प्लग सोळा अँपिअरचाच घ्यावा. मोबाइल भारित करण्याचा लहान प्लग त्या कामी तापून वितळतो. यंत्राचे बटण खटका पडून तेथेच राहणारे असावे, कारण स्पर्शाने चालणारी यंत्रे वीज आली तरी जागी होत नाहीत. टाकी रात्री भरावी, वाफेची तोटी बंद आहे हे हाताने पाहावे, आणि सुरू होण्याची वेळ नेमण्याआधी बंद होण्याची वेळ नेमावी. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर हे यंत्र टाकू नये. वीज जाऊन अवेळी आली, तर काही प्लग पूर्वीच्या स्थितीत परततात आणि भर दुपारी रिकाम्या घरात यंत्र पेटवतात. तेवढी एक गोष्ट खरेदीपूर्वी विचारून घ्यावी.

हे शेवटचे वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे कॉफीचे यंत्र नाही. वीज येताच आपोआप पेटणारी वस्तू भंडारा जिल्ह्यात एस्प्रेसोच्या पुष्कळ आधी आली, आणि ती शेतात आहे. शेतीच्या वाहिनीस वीज ठरावीक तासच मिळते, आणि पाळी रात्रीची असली म्हणजे ती कधी मध्यरात्री येते. उन्हाळी धान उभे आहे, बांधी सुकत चालली आहे, धुऱ्यावर साप आहेत, लाखांदूर-कोक्याकडच्या रानालगत वाघ-बिबट्याचे भय आहे. पूर्वी असा शेतकरी बॅटरी घेऊन जाई, आणि त्या बॅटरीच्या सेलातील काळ्या भुकटीसाठी लागणारे मँगनीज डायऑक्साइडचे खनिज याच जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघे, ही गोष्ट त्याला ठाऊकही नसे. आता तो स्टार्टरला ऑटो स्विच लावतो आणि घरी निजतो. अशा एकाला मी विचारले, रात्री उठता की नाही? तो म्हणाला, "कायले जी? लाईन आली का मोटर आपली आपणच सुरू होते." त्याच्या स्वरात आळस नव्हता, साप चावून मेलेला भाऊबंद त्याच्या स्मरणात असावा.

परंतु एका डीपीवर, म्हणजे शिवारातल्या रोहित्रावर, एकच मोटार नसते. विजेची मोटार सुरू होताना, चालू असताना ओढते त्याच्या पाच-सहा पट प्रवाह क्षणभर ओढते. वीस ऑटो स्विचांनी एकाच क्षणी वीस मोटारी उठवल्या की तो सारा भार एकदम डीपीवर कोसळतो, आणि डीपी जळाली की नवी येईपर्यंत सर्वांचेच धान वाळते. महावितरण शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे वारंवार सांगत असते ते यामुळेच. येथे शम्माई-हिल्लेल, तथागत, विनोबा सर्व एकदम उपस्थित होतात. वीसही जण निजलेले आहेत. वीसांचाही हेतू निर्दोष आहे, आपापल्या बांधीस पाणी मिळावे इतकाच. एकानेही डीपी जाळलेली नाही, आणि डीपी जळाली आहे. एकेकाचा मुखत्यार आपल्या अखत्यारीबाहेर तसूभरही गेला नाही. माझ्या मते दोष हेतूत नाही आणि झोपेतही नाही. वीस जणांनी आपापल्या मुखत्यारांना हुकूम देताना दुसऱ्याने काय हुकूम दिला आहे याची चौकशी केली नाही, येथे तो आहे. जागेपणी माणसे बांधावर भेटत, "माझी होऊ दे, मग तू लाव" असे म्हणत, प्रसंगी भांडत; त्या भांडणातून पाळ्या ठरत. मालगुजारी गेली तरी आमच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचे पाणी अशाच पाळ्यांनी पुष्कळ गावांत वाटले गेले, आणि त्या वाटपात भांडणे झाली नाहीत असे कोणी म्हणणार नाही.

दिवसा वीज मिळाली तर ऑटो स्विचचे कारणच राहणार नाही, आणि सौर वाहिन्यांचा जो उपक्रम राज्यात २०१७ पासून चालू आहे त्याचा उद्देश तोच आहे. तो आमच्या सर्व शिवारांपर्यंत पोचेतो शेतकऱ्याला अंधारात सापावर पाय दे असे सांगण्याचा अधिकार मला नाही, कॉफीच्या पेल्याशी बसून तर नाहीच. मोटारी एकामागून एक उठतील असे काही मिनिटांचे अंतर प्रत्येक स्टार्टरमध्ये राखता येते, त्याचे साधन स्वस्त आहे, आणि कोणी कितव्या मिनिटास उठायचे हे एका डीपीवरच्या लोकांनी एकत्र बसून ठरवायचे असते. ती बैठक रोवणीच्या हंगामाआधी घ्यावी; एकदा पऱ्हे खोदून बांधीत पडले की कोणालाच बसायला सवड नसते.